बाबा स्वयंपाकघरात दिसतायत

टॅक्सीवाल्याचा फोन आला. "साहेब, दारात उभा आहे."

मी इमारतीच्या दारातच उभा होतो. समोर रिकामा रस्ता आणि एक झोपलेलं कुत्रं.

"मीही दारातच उभा आहे," मी म्हटलं.

मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग साहेब, तुम्ही दिसत का नाही?"

*

बायकोने उशांचे अभ्रे मागवले होते. ते आले नाहीत. मोबाइलवर मात्र 'पोहोचवले' असं लिहून आलं, पुराव्यादाखल फोटोसकट. फोटोत आमच्यासारखंच तपकिरी दार होतं, दारातून बाहेर आलेला एक हात होता आणि हातात आमचं पार्सल होतं.

बायकोने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "अहो," ती म्हणाली, "हा हात माझ्यासारखाच दिसतोय."

*

"अरे, बाबा रोज पुलापलीकडे काय करतात?" ताईने दुसऱ्या शहरातून फोनवर विचारलं.

"कुठे पुलापलीकडे? माझ्यासमोर बसलेत. नखं कापतायत."

"मला तर सारखे पुलापलीकडेच दिसतात. त्या पाण्याच्या टाकीमागे."

"ताई, तू चष्मा बदल."

*

एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. चपला काढून सरळ आत, बाबांच्या पुढ्यात. "आजोबा, उजवा पाय." बाबांनी उजवा पाय दिला. अर्धा तास व्यायाम चालला. मला वाटलं, बायकोने बोलावलं असेल. बायकोला वाटलं, मी बोलावलं असेन. आमच्या संसाराची पद्धतच अशी आहे, ज्याला जे वाटतं ते तो मनात ठेवतो.

जाताना बाई खूश होत्या. "आमच्या नोंदीत लिहिलंय, यांना उठताही येत नाही. आणि हे बघा, किती सुधारणा!"

*

"उजवीकडे वळा," घड्याळातली बाई म्हणाली. बाबा उजवीकडे वळले.

*

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. मी एका कचेरीच्या रेकॉर्ड विभागात आहे. हरवलेल्या फायली शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं माझे साहेब स्वतः म्हणाले होते, आणि तेही पगारवाढ नाकारताना, म्हणजे खोटं बोलण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. अशा माणसाचे सख्खे वडील भरदुपारी हरवावेत, आणि हरवावेत तेही स्वतःच्याच घरात, हा निव्वळ माझ्या खात्याचा अपमान होता.

घड्याळापासून सांगतो.

बाबा विसरायला लागले होते. आधी नावं, मग वार, मग वळणं. फिरायला जायचे आणि दोन गल्ल्यांवर कुठल्यातरी कट्ट्यावर शांत बसून राहायचे, बस यायची असल्यासारखे. त्यांना घरात कोंडून ठेवायचं नाही आणि हरवूही द्यायचं नाही, यावर तोडगा म्हणून मी मोबाइलच्या दुकानातून एक घड्याळ आणलं. ते घालणारा माणूस कुठे आहे, हे घरच्यांच्या मोबाइलवर नकाशात निळ्या ठिपक्याने दिसायचं. शिवाय त्याला एक बटण होतं. रस्ता चुकला की ते दाबायचं. मग आतली बाई बोलू लागणार आणि वळणावळणाने घरी आणून सोडणार.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. इमारतीत त्यांना सगळे 'हेडमास्तर' म्हणतात. ते सल्ला देत नाहीत, निकाल जाहीर करतात. घड्याळ उलटंपालटं करून ते म्हणाले, "यात घर कुठे आहे ते आधी सांगावं लागतं. पत्ता लिहा. व्यवस्थित, पिनकोडसकट."

पण घड्याळात दुसरी सोय होती. घरात उभं राहायचं आणि 'हे माझं घर' या चौकोनावर बोट ठेवायचं. आयुष्यभर अर्जांवर पत्ते लिहून ज्याची बोटं झिजली, त्याला ही सोय किती भावली असेल बघा. मी, बायको आणि बाबा, आम्ही तिघं दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिलो. बाबांनी हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चौकोनावर बोट ठेवलं. हेडमास्तर म्हणाले, "पस्तावाल."

हा माणूस बरोबर ठरला, हे लिहिताना मला होणारा त्रास वाचकांनी समजून घ्यावा.

बाबांचं आणि त्या बाईचं मात्र जमलं. बाबांनी जन्मात कोणाचं ऐकलं नव्हतं. आईचं नाही, डॉक्टरांचं नाही, माझा तर प्रश्नच नव्हता. पण घड्याळातून आवाज आला की ते मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, "बाई सांगतायत ना? मग झालं." बायको म्हणाली, "तुम्हीही त्या आवाजात बोलून बघा." मी बघितलं. बाबा म्हणाले, "घसा बसलाय का रे?"

बाबांचा ठिपका आम्ही दोघांनी कधी पाहिला नाही, हेही सांगायला हवं. समोर बसलेल्या माणसाचा ठिपका कोण बघतं? ताई बघायची. दूर राहणाऱ्या मुलीला तेवढंच करता येतं.

त्या सुट्टीच्या दिवशी बाबा जेवून फिरायला गेले आणि चहाची वेळ टळली तरी आले नाहीत. बायकोने दोनदा गॅलरीतून डोकावून पाहिलं. मग मी ऐटीत मोबाइल काढला. चिंता करण्याचे दिवस गेले, असा माझा चेहरा होता.

ठिपका आमच्या इमारतीवर होता. बोटांनी नकाशा मोठा केला. आमच्याच घरावर होता.

"आलेत की," मी म्हटलं. "बाबा!"

कोणी ओ दिली नाही.

बाबांच्या खोलीत बाबा नव्हते. न्हाणीघराचं दार उघडं होतं. गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल होते. मी मोबाइलकडे पाहिलं. ठिपका शांत होता. समजूतदार माणसासारखा मंद उघडझाप करत होता.

तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, आज बाबा चक्क घरी! बरं वाटलं बघून. दे त्यांना."

"ते... इथे नाहीत."

"आहेत की. स्वयंपाकघरात दिसतायत."

मी स्वयंपाकघरातच उभा होतो. ओटा पुसलेला होता. नळ थेंब थेंब गळत होता. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी आमच्या दोघांमधल्या रिकाम्या फरशीकडे.

*

हेडमास्तरांना कोणी बोलावलं नव्हतं. ते येतातच. त्यांच्यामागून खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई आली, टेप गळ्यात तसाच. तिच्यामागून तिचा नवरा.

"यंत्र खोटं बोलत नाही," हेडमास्तरांनी जाहीर केलं. "माणूस घरात आहे. तुम्हाला नीट शोधता येत नाही, एवढंच."

हे मला! रेकॉर्ड विभागातल्या माणसाला!

मग आमच्या घराची झडती सुरू झाली. पलंगाखाली शोधलं. कपाटं उघडली. माझी भोकं पडलेली बनियनं, केस काळे करण्याची बाटली आणि कचेरीतून 'चुकून' घरी आलेली डझनभर पेनं अख्ख्या इमारतीने पाहिली. शिवणकामवाली बाई बनियनांकडे बघून म्हणाली, "द्या, रफू करून देते," आणि त्या क्षणी वडील सापडण्यापेक्षा जमीन दुभंगावी असं मला वाटलं. तिच्या नवऱ्याने माळ्यावर चढून हाक मारली, "आजोबा, आहात का?" माळ्यावरून धूळ आली. हेडमास्तरांनी फ्रीज उघडला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. ते म्हणाले, "पद्धत म्हणजे पद्धत," आणि थंड पाणी प्यायले.

अखेर दमून सगळे दिवाणखान्यात बसलो. मोबाइल मधल्या टेबलावर ठेवला होता.

ठिपका हलला.

आधी स्वयंपाकघरातून निघाला. मग सावकाश, बाबांच्याच चालीने, मध्ये जरा थांबत, दिवाणखान्यात आला. आमच्यातून गेला. हेडमास्तरांनी नकळत पाय जवळ घेतले, जाणाऱ्याला वाट द्यावी तसे. पंखा फिरत होता. ठिपका कोपऱ्यातल्या बाबांच्या खुर्चीपाशी गेला आणि तिथेच राहिला.

खुर्ची रिकामी होती. पण तिच्याकडे थेट बघायला कोणी तयार होईना.

"मला शाळेचं एक काम आठवलं," हेडमास्तर म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन जमाना झाला होता.

*

घड्याळाच्या कंपनीच्या मदत केंद्राशी झालेलं संभाषण जसंच्या तसं देतो. ज्यांचा रक्तदाब वाढतो त्यांनी हा भाग गाळावा.

"नमस्कार सर, आपली काय मदत करू?"

"वडील हरवलेत. घड्याळ म्हणतंय घरात आहेत. घरात नाहीत."

"समजलं सर. घड्याळ व्यवस्थित चालतंय का?"

"घड्याळ चालतंय. वडील नाहीत."

"वडिलांसाठी आमच्याकडे वेगळा विभाग नाही, सर. ठिकाणाची जास्त माहिती द्यायची तर घड्याळ घालणाऱ्यांची परवानगी लागते. त्यांच्याकडे फोन देता का?"

"ते हरवलेत हो!"

"हरकत नाही, सर. ते आल्यावर फोन करायला सांगा. अजून काही मदत?"

*

पोलीस ठाण्यात टेबलामागचे साहेब भले होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, बायकोला पाणी दिलं आणि लिहायला घेतलं. मग विचारलं, "शेवटचं ठिकाण?"

मी मोबाइल पुढे केला.

त्यांनी ठिपका पाहिला. नकाशा मोठा केला. "हे कोणाचं घर?"

"आमचं."

"आणि हे कोण?"

"माझे वडील."

"मग हरवलंय कोण?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. "साहेब, घरी जा. म्हातारी माणसं एखाद्या कोपऱ्यात बसतात. आपलंच लक्ष नसतं त्यांच्याकडे."

बाहेर आलो. उन्हं उतरत होती. बायको इतका वेळ धीराने वागत होती, ती पायरीवर बसली. "दुपारची गोळी राहिलीय त्यांची," ती म्हणाली. "ती नसली की संध्याकाळी पाय लटपटतात. कुठेतरी पुलाच्या कठड्याशी उभे असतील, अहो. आणि आपण खुर्चीकडे बघत बसलो."

बोलण्यासारखं होतं ते ताईनेच बोलून टाकलं. तिचा परत फोन आला, ती रडवेली झाली होती. "मला कळत नाही रे. ते घरी असतात तेव्हा मला पुलापलीकडे दिसतात. आणि आज दिसले घरी, तर घरी नाहीत."

रेकॉर्ड विभागात नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतो. फाईल एकटी हरवत नाही. या फाईलच्या पुठ्ठ्यात त्या फाईलचे कागद सापडले, तर कपाट उपसत बसायचं नाही. त्या फाईलचा पुठ्ठा उघडायचा. अदलाबदल झालेली असते. दोन्ही आपापल्या जागी नीट बसलेल्या असतात, फक्त अंगावर दुसऱ्याचा पुठ्ठा घालून.

"ताई," मी म्हटलं, "पुलापलीकडे नेमकं कुठे दिसायचे ते सांग."

*

पाण्याच्या टाकीमागची इमारत. जिना आमच्यासारखाच, वळणावरच्या खिडकीची एक काच फुटलेली, तीही आमच्यासारखीच. बायकोला मी घरी पाठवलं होतं, न जाणो बाबा तिकडे उगवले तर. मी एकटाच वर चढलो. तपकिरी दार. फोटोतलं.

बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईचा हात मी आधी पाहिला, चेहरा नंतर.

"तुम्ही त्यांचे कोण?" तिने विचारलं. मी सांगायच्या आधीच ती बाजूला झाली.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. अंगात कोणाचातरी राखाडी स्वेटर. गुडघ्यावर आमचा अभ्रा घातलेली उशी, उशीवर बशी. इतकं निवांत मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावरचा तो बसची वाट बघण्याचा भाव गेला होता.

"या, बसा," बाबा मला म्हणाले. मग आत वळून, "अगं, पाहुणे आलेत. चहा टाक."

"मी बाजारातून आले तर हे असे बसलेले," बाई खालच्या आवाजात सांगू लागली. "मला वाटलं, दार माझंच उघडं राहिलं. घाबरले. पण मला म्हणाले, 'उशीर केलास गं.' तसं ओरडायचं राहूनच गेलं. ही सासऱ्यांची खुर्ची. ते गेले गेल्या महिन्यात. व्यायामवाल्या बाईंना कळवायचंही राहून गेलं होतं, पण त्या आल्याच नाहीत."

"आल्या होत्या," मी म्हटलं. "आमच्याकडे."

पोलिसांना कळवावं म्हणून तिने मोबाइलवर आपलं ठिकाण काढलं, तर तिथे भलताच पत्ता दिसला, पुलाच्या दुसऱ्या बाजूचा. आजोबा तिथलेच असतील असं धरून तिचा नवरा तिकडे गेला होता. ती हे सांगतेय तोच माझा फोन वाजला. बायको कुजबुजत होती. "अहो, लवकर या. एक माणूस आलाय. मोबाइल दाखवतो आणि म्हणतो, हे माझं घर आहे. हेडमास्तर त्याला आत घेऊन बसलेत आणि त्याचंच खरं मानतायत."

मी बाबांसमोर गुडघ्यांवर बसलो. "बाबा, घरी चला."

"घरीच आहे."

"हे आपलं घर नाही, बाबा."

बाबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, एखाद्या गोंधळलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं. मग मनगट पुढे केलं आणि बाईचं शेवटचं वाक्य पुन्हा ऐकवायला स्वतःच बटण दाबलं.

"आपण घरी पोहोचला आहात," घड्याळातली बाई म्हणाली.

"बाई सांगतायत ना?" बाबा म्हणाले. "मग झालं."

मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. हातात बायकोने पर्समधून काढून दिलेली त्यांची गोळी होती. माझ्या हातून ती त्यांनी घेतली नाही. त्या बाईने दिली, घेतली.

तीच पुढे झाली. "आजोबा, या पाहुण्यांना रस्ता माहीत नाही. तुम्ही जरा पोहोचवून येता का?"

बाबा लगेच उठले. पाहुण्याला पोहोचवायचं म्हणजे पोहोचवायचंच. जिन्यात त्यांनी माझा हात धरला, मी पडू नये म्हणून. टॅक्सीत मला विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको. आणि वडील," मी म्हटलं.

"वडील आहेत? मग काळजी नाही."

आमच्या दारात आल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली. "पोहोचलात ना? मग मी निघतो." बायकोने त्यांना जेवायला थांबायचा आग्रह केला. ते संकोचाने थांबले.

*

मोबाइलच्या दुकानदाराला अजिबात लाज वाटली नाही. उलट त्याला सगळं भलतंच मनोरंजक वाटलं.

"साधं आहे हो. वर उपग्रह आहेत, त्यांच्यावरून मोबाइलला आपली जागा कळते. पण घरात, भिंतींच्या आड, त्यांचा आवाज येत नाही. मग मोबाइल काय करतो? आसपास वायफायचे डबे कुठले आहेत ते हुंगतो. प्रत्येक डब्याला स्वतःचा नंबर असतो. कुठला नंबर कुठल्या घरात, ते मोबाइल कंपन्यांनी आधीच टिपून ठेवलेलं असतं. डबा ओळखीचा निघाला की मोबाइल म्हणतो, म्हणजे मी अमुक ठिकाणी आहे."

"आणि डब्यानेच घर बदललं तर?"

तो हसला. वायफायचा जुना डबा देऊन मी त्याच्याकडून 'जवळजवळ नवा' घेतला होता. पुलापलीकडच्या गृहस्थांनीही तेच केलं होतं, त्याच आठवड्यात. त्याने त्यांचा मला दिला आणि माझा त्यांना. दोघांनाही सवलत दिली. "डब्याला काय माहीत तो हलवलाय ते? तो आपला आपल्या जुन्याच घरी असतो," दुकानदार म्हणाला.

म्हणजे 'हे माझं घर' म्हणून बाबांनी शर्टाचं बटण लावून बोट ठेवलं, तेव्हा आम्ही तिघंही पुलापलीकडच्या त्या दिवाणखान्यात उभे होतो. आणि त्या दुपारी बाबा त्या घरात फिरत होते, ते आमच्या घरातून, आमच्या गुडघ्यांमधून चालत गेले.

डबे परत बदलले. घड्याळात पत्ता लिहिला, व्यवस्थित, पिनकोडसकट. हेडमास्तर शेजारी उभे राहून स्पेलिंग तपासत होते. आता टॅक्सी दारात येते. पार्सलं मिळतात. ताई म्हणते, बाबा घरी दिसतात, अगदी खुर्चीपाशी. मी मान वर करून बघतो. खुर्चीत बाबा असतात. जिथे दिसतात तिथेच असतात.

संध्याकाळ झाली की ते स्वेटर चढवतात. तो परत द्यायचा राहूनच गेलाय. मग माझ्या बायकोला म्हणतात, "बराच वेळ बसलो. आता निघायला हवं. घरी वाट बघत असतील." बायको म्हणते, "जेवून जा ना." ते घड्याळ कानाशी नेतात. पण रस्ता चुकला नसेल तर बाई काही बोलत नाही.

बाबा पुलापलीकडे गेले त्या दुपारी ते तपकिरी दार उघडं नव्हतं; त्या बाईने कुलूप लावलेलंच होतं, हे मागाहून कळलं. कुलूप बाबांनी खिशातल्या आमच्या घराच्या किल्लीने उघडलं होतं.